मेंढीचं की जंताचं

खाटीकखान्यातली माणसं तिला जंतबाई म्हणायची. तोंडावर नुसतं ‘बाई’ आणि पाठ वळली की ‘जंतबाई’, आणि तिला दोन्ही ठाऊक होतं. “रोज सकाळी येऊन जंत मागते मी त्यांच्याकडे. मग काय गुलाबबाई म्हणतील?” असं म्हणून ती स्वतःच हसायची. हातात झाकणाची स्टीलची बादली, खांद्याला पिशवी, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. बसमध्ये चढली की कंडक्टर काही न बोलता मागच्या बाकाकडे बोट दाखवायचा. तो बाक ऐन गर्दीतसुद्धा तिला अख्खा मिळायचा.

बादलीत काय असायचं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना जेवायचंय ते उठून जातील. मेंढीच्या आतड्यात राहणारा चपटा जंत. पायजम्याच्या नाडीसारखा पांढरा, लांबच लांब, पेराला पेर जोडलेला. त्याला तोंड नाही, पोट नाही, डोळे नाहीत. डोक्यानं आतड्याला चिकटून बसायचं आणि मेंढीनं दिवसभर रवंथ करून पचवलेलं अन्न अंगानं शोषून घ्यायचं, एवढाच त्याचा उद्योग. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तो हाच. पण या ऐदी प्राण्याला मज्जातंतू मात्र आहेत, आणि तेही चांगले व्यवस्थित. डोक्यात एक गाठ, तिथून निघून दोन्ही कडांनी पार शेपटापर्यंत गेलेल्या दोन दोऱ्या आणि मध्ये आडवे धागे. शिडीच म्हणा ना. बाईची उमेदीची सगळी वर्षं त्या शिडीकडे बघण्यात गेली होती.

लोक विचारायचे, बाई, जगात फुलं आहेत, पाखरं आहेत, तुम्हाला हेच सापडलं? ती म्हणायची, “मला नाही सापडलं. त्यानंच आम्हाला गाठलं.”

ते खरंच होतं. तिचा धाकटा भाऊ शाळेत असताना एकदा मैदानात खेळता खेळता धाडकन पडला. तोंडाला फेस, हातपाय ताठ. मग वरचेवर पडू लागला. डोक्याचा फोटो काढला तेव्हा आत पांढरे ठिपके दिसले, भातात खडे दिसावेत तसे. माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या अशाच एका चपट्या जंताची अंडी घाण पाण्यातून नाहीतर न धुतलेल्या पाल्यातून पोटात जातात, आणि नशीब खोटं असलं तर त्यातून निघालेली पिल्लं रक्तातून थेट मेंदूत जाऊन बसतात. डॉक्टरांनी त्या वेळीच स्पष्ट सांगितलं होतं, पिल्लं मेली आहेत, वण मात्र राहिलेत, आणि फिट येते ती त्या वणांमुळे. गोळ्यांनी कमी होईल, थांबेल असं सांगता येत नाही.

तर भावाला बरं करायला बाई या धंद्यात पडली, असं कुणी समजू नका. मेलेल्या जंताला आणखी काय मारणार? तिला राग आला होता. आईवडील गेले, भाऊ मोठा झाला. घरातल्या घरात लोकांचे मिक्सर, इस्त्र्या, टेबलफॅन दुरुस्त करून चार पैसे मिळवू लागला. पण सायकल चालवायची नाही, शिडीवर चढायचं नाही, एकट्यानं शेगडीपाशी जायचं नाही. चांगला धडधाकट माणूस, आणि तोंड नसलेल्या एका किड्यानं त्याला घरात बसवला. बाईचा राग तिथे अडकला होता आणि तो वयाबरोबर कमी होण्याऐवजी मुरत चालला होता.

आता त्या शिडीची गोष्ट. आपल्याला भूक लागली, पोट भरलं, वाढ झाली, की अंगात हॉर्मोन सुटतात, रक्तातून इकडून तिकडे निरोप नेतात. जंताला रक्तच नाही, ग्रंथी नाहीत. मग त्याचे निरोप कोण नेतं? तर नसाच. बाईकडे एक अँटिबॉडी होती, म्हणजे एकाच पदार्थाला हुडकून त्याला चिकटणारं रसायन. जनावरांच्या आतड्यातल्या एका हॉर्मोनवर बेतून केलेली, आणि वर चमकता रंग लावलेला. ती तिनं जंताच्या कापांवर घातली आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला, तर अंधारात ती सगळी शिडी हिरवीगार पेटलेली! दोन दोऱ्या, आडवे धागे, डोक्यातली गाठ, सगळं. जनावराच्या हॉर्मोनसारखं काहीतरी जंताच्या नसांत भरलेलं होतं. त्या दिवशी ती घरी जाऊन भावाला म्हणाली, “सापडला रे, त्याचा टेलिफोन सापडला!”

भाऊ इस्त्रीचा स्क्रू पिळत होता. “मग तार कापून टाक की,” तो म्हणाला.

तार कापणं एवढं सोपं असतं तर काय हवं होतं. शास्त्रज्ञांच्या एका सभेत बाईनं ती चित्रं दाखवली. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून एक टकले गृहस्थ उठले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, “बाई, तुमचा प्राणी जन्मभर मेंढीच्या आतड्यात भिजत पडलेला. जे मिळेल ते अंगानं शोषतो. मग हे हॉर्मोन त्यानं मेंढीचंच उचललेलं नसेल कशावरून?”

सभा हसली. बाईनं चित्रं गोळा केली, कान लाल झालेले.

टकल्यांचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा फार मोठा होता, म्हणून जरा थांबून सांगतो. ते हॉर्मोन मेंढीचंच असेल तर ते आपल्यासारखंच झालं. त्याच्यावर औषध काढाल तर ते जंताबरोबर जनावरालाही भोवणार. म्हणजे बाईचं सगळं काम केराच्या टोपलीत. पण ते जंतानं स्वतः बनवलेलं असेल, आणि त्याची घडण आपल्याहून वेगळी असेल, तर पुढेमागे कुणी असं औषध काढू शकेल की निरोप बंद पडेल तो फक्त जंताचा. सगळा प्रश्न एवढ्यावर येऊन ठेपला होता. मेंढीचं की जंताचं?

प्रयोगशाळेत बाईच्या वरचे सर हा सज्जन माणूस. निवृत्ती जवळ आलेली, कुणाशी वाकडं नको, आवाज कधी चढला नाही. ते म्हणाले, “कशाला वाद घालत बसता? ‘हॉर्मोनसारखा पदार्थ आढळला’ एवढं लिहा. सारखा म्हटलं की सगळं झाकलं जातं.”

“झाकायचं असतं तर उघडलं कशाला, सर?” बाई म्हणाली.

“तुम्ही फार हट्टी आहात.”

“हो,” बाई म्हणाली. त्यात नाकारण्यासारखं काही नव्हतंच.

खरं-खोटं करायची वाट एकच होती. असा पदार्थ म्हणजे मण्यांची माळ असते. मणी तेच थोडे, पण कुठला मणी कुणानंतर ओवलाय त्यावर माळ कुणाची ते ठरतं. मेंढीच्या माळेचा क्रम माहीत होता. जंताच्या नसांतली माळ शुद्ध करून काढायची, बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायची, तिथे ते मणी मोजून क्रम सांगतात. जुळला तर मेंढीचं, नाही जुळला तर जंताचं. पण एका जंतात तो पदार्थ इतका कमी की नखावर घ्यायचा म्हटलं तरी जंतांचा ढीग लागणार. काप करायला बाईला चार जंत पुरत होते. आता किलोंनी लागणार होते.

इथे मामा येतात. खाटीकखान्याच्या मागच्या अंगाला लांबलचक फरशीच्या टेबलावर आतडी चिरून धुवायचं काम त्यांच्याकडे. धिप्पाड माणूस, आवाज ढोलासारखा, आणि धंद्यात एकदम दिलदार. आधी ते मांसाच्या दुकानात होते. तिथली त्यांची ख्याती अशी की गिऱ्हाइकानं मागितलं त्यावर हातानं थोडं जास्त घातल्याशिवाय पुडी बांधायची नाही. “मापाबरोबर देतो तो कारकून, वर घालतो तो धंदेवाला,” हे त्यांचं वाक्य. बाईनं सांगितलं की मामा, मला आता पुष्कळ लागतील, रोज यायला जमणार नाही, तुम्हीच काढून ठेवा. मामांनी छातीवर हात मारला. रोज पुडी बांधून ते बर्फाच्या पेटीत टाकायचे. बाई आठवड्यातून एकदा गोठलेल्या पुड्या बादलीत भरून न्यायची आणि तशाच फ्रीजरमध्ये रचून ठेवायची. उघडून पुन्हा गोठवलं की आतला पदार्थ नासतो, म्हणून पुडी उघडायची ती एकदम दळायच्या वेळी. शिस्त चोख होती. घात त्या शिस्तीनंच केला.

वर्ष उलटून गेलं. भावानं भंगारातल्या एका हॉटेलच्या मिक्सरला नवी मोटर बसवून दिली. “यात परत कधी चटणी करायची नाही,” असं त्याच्यावर खडूनं लिहूनही दिलं. गोठलेले लगदे त्यात आम्ल घातलेल्या अल्कोहोलमध्ये दळायचे, गाळायचे, मग काचेच्या उभ्या नळ्यांतून थेंब थेंब उतरवायचे. प्रत्येक नळीतलं पाणी अँटिबॉडीला दाखवून विचारायचं, यात आहे का तुझं माणूस? ती ज्यात ‘हो’ म्हणेल ते ठेवायचं, बाकीचं मोरीत. असं करत करत बादल्यांचं शेवटी डोळ्यांना न दिसणारं काहीतरी एका नळीच्या बुडाशी राहिलं. ते पाठवलं.

उत्तर आलं. मण्यामागून मणी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मेंढीचं.

सरांनी कागद टेबलावर ठेवला आणि चष्मा पुसला. “मिटलं,” ते म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं हे खरं, पण सुटल्यासारखंही वाटत होतं, आणि ते बाईला दिसलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी गत. ती घरी आली, बूटही न काढता खुर्चीत बसली आणि रडली. हुंदके देऊन रडली. भावानं तिला आजवर असं पाहिलं नव्हतं. तो हातातला पाना ठेवून तिच्या शेजारी येऊन बसला.

“चोर निघाला म्हणजे तो,” भाऊ म्हणाला.

“चोर असता तर चोरीचा माल घरभर सांडला असता,” बाई नाक पुसत म्हणाली. आणि बोलता बोलता थांबली.

खरंच की. अंगानं शोषलेली वस्तू अंगभर सापडायला हवी, आधी कातडीत, मग मांसात. हिरवा रंग उठला होता तो फक्त नसांत. कातडी काळीकुट्ट. आणि मानेपाशी, जिथे नवीन पेरं फुटत असतात, तिथल्या कोवळ्या नसांतसुद्धा तो होता. डोळ्यांनी शंभरदा पाहिलेलं होतं ते. मग नळीत मेंढी आली कुठून?

दुसऱ्या दिवशी तिनं फ्रीजरच्या तळाशी उरलेली एक पुडी काढली. दळली नाही. पसरट ट्रेमध्ये ठेवून हळूहळू वितळू दिली आणि चिमट्यानं एकेक वेगळं करत बसली. जंत, जंत, जंताचा तुकडा. मग एक मऊ, बुळबुळीत, पांढुरकं चिंधोटं. तिनं ते पाण्यात हलवलं, भिंगाखाली धरलं. मखमलीसारखी लव. जंताला लव कुठली! मेंढीच्या आतड्याचं अस्तर होतं ते, खरवडून काढलेलं. एक नाही, पुडीत ओंजळभर होतं. आतड्याचं अस्तर म्हणजे त्या हॉर्मोनचं माहेरघर. अँटिबॉडी मुळात जनावराच्या हॉर्मोनवरच बेतलेली, समोर आपलं सख्खं दिसल्यावर ती परक्याकडे कशाला बघते? प्रत्येक नळीत तिनं मेंढीलाच मिठी मारली होती.

बाई तशीच निघाली. बादली नाही, पिशवी नाही.

मामा टेबलापाशी होते. बाईला बघून त्यांनी पाइप बाजूला धरला. “आज एवढ्या तावात?”

“मामा, पुडीत जंतांबरोबर आतड्याची खरवड कुणी घातली?”

मामांचा चेहरा उजळला. “आत्ता लक्षात आलं होय तुमच्या? अहो, मीच! काही दिवशी जंत कमी निघतात. तुम्ही एवढ्या लांबून येणार आणि मी चिमूटभर हातावर ठेवू? जंत जिथे चिकटतो ना, तिथलंच खरवडून वर घालायचो. म्हटलं, त्याच जागेचं आहे, गुण तोच असणार.”

“गुण तोच आहे! तोच तर घोटाळा झाला!” बाई ओरडली. “माझं वर्ष पाण्यात घातलंत तुम्ही! सांगितलं होतं का मी? मागितलं होतं का? विचारायला तोंड नव्हतं?”

सगळी टेबलं थांबली. पाइपातलं पाणी तेवढं वाहत राहिलं. मामा आयुष्यभर वर घालत आले होते आणि त्याबद्दल त्यांना कुणी शिव्या दिल्या नव्हत्या. त्यांचा चेहरा आधी पडला आणि मग तांबडा झाला.

“बाई,” ते हळू म्हणाले, आणि त्या माणसाला हळू बोलताना तिथे कुणी ऐकलं नव्हतं, “उद्यापासून इथे बादली आणू नका.”

झालं! फ्रीजरमध्ये खरवड, हातात मेंढीचं उत्तर, आणि जंत मिळायचं दार बंद. तेलही गेलं, तूपही गेलं. सर म्हणाले, आता तरी ऐका. भाऊ म्हणाला, “चूक त्यांची का तुझी?” बाई चिडून म्हणाली, “दोघांची. त्यांनी घातलं, मी उघडून पाहिलं नाही.” “मग निम्मंच भांडायचं होतंस,” भाऊ म्हणाला आणि मिक्सरचं पातं घासायला लागला.

ती सकाळी पुन्हा गेली. बादली घेऊनच गेली. मामांनी मान वर केली नाही. ती टेबलाच्या पलीकडे उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, कारण शिव्याही सगळ्यांसमोरच दिल्या होत्या. “मामा, काल मी तोंडाला येईल ते बोलले. तुम्ही मायेनं घातलंत, मी त्याची माती केली. चुकलं माझं. पण यापुढे वर काही घालायचं नाही, कणभरही नाही, हेसुद्धा तितकंच खरं. आणि मला इथे टेबलाशी जागा द्या. आतडी मी चिरणार, जंत मी वेचणार.”

मामा आतडं धूत राहिले. मान वर न करताच म्हणाले, “हात कापेल.”

“कापू दे.”

“वास मारतो.”

“बसमध्ये मला अख्खा बाक मिळतो मामा. वासाचं मला नका सांगू.”

कुणीतरी फिसकन हसलं. मामांनी खुंटीवरचा जाडा एप्रन काढून तिच्याकडे फेकला. “सुरी अशी धरायची,” ते अजून फुरंगटूनच म्हणाले, “आणि आतडं ओढायचं नाही, ते आपल्याकडे येऊ द्यायचं.”

सरांशी बोलणं सोपं नव्हतं. ते म्हणाले, एकदाच. आणखी एकदाच नमुना पाठवीन, तोही मी आहे तोवर. पुन्हा मेंढी आली तर तुम्ही तसं लिहून मोकळ्या व्हायचं, हट्ट बंद. “कबूल,” बाई म्हणाली. आपण खोटे ठरलो तर ठरलो हे पत्करणं एक, आणि ते सहीनिशी लिहून देणं निराळं.

मग सुरू झाली ती खरी मेहनत. पहाटेची पाळी संपायच्या आत टेबलाशी उभं राहायचं. आतडं चिरायचं, जंत डोक्यासकट सोडवून घ्यायचा, कोमट मिठाच्या पाण्याच्या एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अंगावरचा चिकटा पार जाईपर्यंत धुवायचा. प्रत्येक जंत भिंगाखालून काढायचा, मगच बर्फात. ज्या दिवशी चार निघाले त्या दिवशी चारच. मामा बघायचे आणि तळमळायचे. एवढीशी पुडी त्यांना बघवत नसे. त्यांचा हात दोनदा सवयीनं पुढे आला आणि दोनदा बाईनं नुसतं बघितल्यावर मागे गेला. तिची बोटं कापली, मिठाच्या पाण्यानं चिरली, थंडीत नखं निळी पडली. पाठीनं असहकार पुकारला. रात्री झोपताना भाऊ तिच्या पाठीला मलम चोळून द्यायचा आणि म्हणायचा, “तो बिनहाडाचा प्राणी, आणि तू त्याच्यासाठी हाडं मोडून घे.”

मध्येच तिला एक गोष्ट सुचली. ती मामांना म्हणाली, “मामा, ती खरवड द्या मला.”

मामांनी सुरीच खाली ठेवली. “म्हणजे?”

“वेगळ्या बरणीत द्या. जंत एका बाजूला, अस्तर एका बाजूला. दोन्ही एकाच रीतीनं दळीन, गाळीन, शेजारी शेजारी पाठवीन. दोन माळा वेगळ्या आल्या तर मग कुणाची हसायची टाप नाही.”

“बघा!” मामा सगळ्या खाटीकखान्याला ऐकू जाईल असे गरजले. “शेवटी वरचं लागलंच की नाही!” आणि त्यांनी इतकी खरवड दिली की अर्धी फेकावी लागली.

सरांच्या निरोपसमारंभाची तारीख ठरली तेव्हा दोन नळ्या तयार झाल्या. सरांनी शब्द पाळला. नळ्या गेल्या. मग वाट बघणं आलं, आणि वाट बघण्यात बाई अगदीच कच्ची. घरात भांडी आपटली जाऊ लागली. भाऊ मुकाट्यानं दुरुस्तीचं सामान घेऊन पलीकडच्या खोलीत बसू लागला.

सुट्टीचा दिवस होता, दुपार होती. बाई भाजी निवडत होती, भाऊ ओट्याशी पाणी पीत होता. त्याच्या हातातलं भांडं पडलं. तिनं वर पाहिलं आणि ती उठली. इतक्या वर्षांनी तिला कळत होतं, भांडं कसं पडलं म्हणजे हातातून निसटलं आणि कसं पडलं म्हणजे हातच गेला. तो खाली यायच्या आत तिनं त्याला धरला, कुशीवर वळवला, डोक्याखाली स्वतःचा हात दिला. तो ताठ झाला, थरथरू लागला. तेवढ्यात फोन वाजला. वाजला, थांबला, पुन्हा वाजला. ती उठली नाही. “वाज मेल्या,” ती म्हणाली आणि भावाच्या तोंडावरचा फेस पदरानं पुसत राहिली.

थरथर ओसरली, श्वास घोरल्यासारखा येऊ लागला. फिट आल्यावर तो बराच वेळ असा अर्धवट असायचा, डोळे उघडे, पण आत कुणी नाही. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा तिनं एका हातानं तो ओढून कानाला लावला.

सर होते. आणि सर, ज्यांचा आवाज जन्मात कधी चढला नव्हता, ओरडत होते. “बाई, वेगळी आहे! अस्तराच्या नळीत मेंढी आली, जशी यायला हवी तशी. जंताच्या नळीत निराळीच माळ! शेवटचे थोडे मणी मिळतेजुळते, अँटिबॉडी चिकटली ती त्यांनाच, बाकी क्रम मेंढीचा नाही. लांबीसुद्धा वेगळी. ते त्याचंच आहे बाई, जंताचंच!”

“सर, धाकटा पडलाय, मी नंतर बोलते,” एवढंच ती म्हणाली आणि फोन खाली ठेवला. मांडीवर भावाचं डोकं, ओट्याखाली सांडलेलं पाणी, अर्धी निवडलेली भाजी. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि सांगायला घरात एकच माणूस होता.

भावानं पापण्या हलवल्या. “काय झालं?” त्याची जीभ जड होती.

“फिट आली होती. आता बरं आहे. आणि ऐक, उत्तर आलं. ते मेंढीचं नाही. जंताचंच आहे.”

“खरंच?” त्याचा चेहरा फुलला. “जिंकलीस की गं, ताई!” आणि त्यानं डोळे मिटले.

ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं. “काय झालं? रडतेस कशाला?”

सगळं पुसलं गेलं होतं. हेही त्या जंतानंच पुसलं होतं, मरून इतकी वर्षं झाली तरी. तिनं ओठ दाबले आणि पहिल्यासारखंच सांगितलं, “उत्तर आलं. मेंढीचं नाही. जंताचंच आहे.”

“खरंच?” तो पुन्हा तसाच फुलला, तितकाच, जणू पहिल्यांदाच ऐकत होता. “जिंकलीस की गं!”

“जिंकले,” ती म्हणाली. हवं तर शंभर वेळा सांगीन, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. तो पुन्हा पेंगला. ऊन ओट्यावरून खाली फरशीवर आलं, तिची मांडी बधिर झाली, पण ती हलली नाही. मग त्याची बोटं हलली, त्यानं तिच्या हाताला धरून उठायचा प्रयत्न केला आणि तो भिंतीला टेकून बसला. तिनं पाण्याचं भांडं त्याच्या ओठाला लावलं आणि तिसऱ्यांदा सुरुवात केली, “ऐक, उत्तर आलंय. ते मेंढीचं नाही—”

“हे तू मघाशीच सांगितलंस की, ताई,” तो म्हणाला. डोळे थकलेले होते, पण आता त्यांत तो होता. “पुढचं सांग. त्याची तार आता कापायची कशी?”